कोपऱ्यातला आकडा

फोटोवर रंग चढवणं ही गोष्ट आपल्या घरांना काही नवी नाही. रंगीत फिल्म सर्रास मिळायला लागण्याआधी स्टुडिओवाले काळ्यापांढऱ्या फोटोवर हातानं रंग भरून देत असत. आजीच्या गालाला गुलाबी, शालूच्या काठाला हिरवा, नथीला पिवळा ठिपका. आजोबांचा कोट मात्र काळा तो काळाच! असे फोटो अजूनही कितीतरी घरांत टांगलेले दिसतील. त्यांच्याखाली आकडा कुणी घातला नाही. प्रत एकच, आणि ती आपली.

आता तीच जोडी, फोटो आणि रंग, मोठ्या थाटानं प्रदर्शनांतून आणि दुकानांतून येऊ लागली आहे. जाड, सुरेखसा कागद. त्यावर एखाद्या रस्त्याचा, चेहऱ्याचा नाहीतर पडक्या वाड्याचा फोटो. त्यावर रंगांचे सपाट थर. आणि खाली डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीनं बारीक अक्षरात ११/३०. "मॅडम, लिमिटेड एडिशन आहे," असं सांगतात आणि मग किंमत सांगतात. ती ऐकून आपण पर्सची चेन हळूच लावून टाकतो.

पण हल्ली सगळ्याच जणी चेन लावत नाहीत. नोकरी करणाऱ्या, निवृत्तीचे पैसे हाती आलेल्या, नव्या घराची भिंत मोकळी दिसणाऱ्या बायका असली चित्रं घेऊ लागल्या आहेत. लग्नात आणि वास्तुशांतीला आहेर म्हणूनही ती दिली जातात. साडी घेताना आपण पदर उलटा करून पाहतो, सोनं घेताना हॉलमार्क पाहतो. इथं मात्र काय पाहायचं तेच ठाऊक नसतं. म्हणून आज स्वयंपाकघरातून जरा बाहेर येऊन या कोपऱ्यातल्या आकड्याकडे बघू या.

११/३० याचा अर्थ सरळ आहे. या चित्राच्या एकूण ३० प्रती काढल्या, त्यांतली ही अकरावी. उजव्या कोपऱ्यात चित्रकाराची सही, मध्ये असलं तर चित्राचं नाव. कधी आकड्याऐवजी 'ए. पी.' अशी अक्षरं असतात. त्या प्रती चित्रकार स्वतःसाठी राखून ठेवतो, आणि त्या ३० मध्ये मोजलेल्या नसतात. पहिल्या नंबरची प्रत जास्त चांगली, अशीही एक समजूत आहे. जुन्या पद्धतीच्या छपाईत तिला थोडा आधार होता. आजच्या छपाईत पहिली आणि तिसावी सारखीच असायला हवी, आणि पुष्कळदा सगळे कागद छापून, वाळवून झाल्यावर मग नंबर घालतात. तेव्हा १/३० साठी कुणी जास्त पैसे मागितले तर हसून सोडून द्या.

हे छापतात कसं? आपल्याकडे लग्नपत्रिका छापतात ना, तसंच! स्क्रीन प्रिंटिंग तुम्ही पाहिलं असेल. चौकटीवर ताणून बसवलेलं बारीक जाळीचं कापड, त्यावर शाई ओतायची आणि रबरी पट्टीनं खाली ओढायची. जिथं जाळी उघडी तिथं शाई कागदावर उतरते, जिथं बुजवलेली तिथं नाही. फोटो जाळीवर उतरवायचा तर जाळीला उजेडानं घट्ट होणारा लेप देतात, त्यावर फोटोची पारदर्शक फिल्म ठेवून प्रखर दिवा लावतात आणि मग पाण्यानं धुतात. उजेड लागला तिथला लेप राहतो, काळ्या भागाखालचा धुऊन जातो. झाला फोटोचा साचा तयार. प्रत्येक रंगाला वेगळी जाळी. पाच रंग असतील तर तोच कागद पाच वेळा जाळीखालून जायचा, मध्ये दर वेळी वाळवायचा, आणि रंग नेमका जागेवर बसायला हवा. एकाच कागदावर एवढे हात फिरतात. 'फोटोवर रंग फासलाय' असं म्हणणाऱ्या पुरुषमंडळींना हे एकदा ऐकवा.

या प्रकारातलं सगळ्यांत गाजलेलं काम अमेरिकेतल्या अँडी वॉरहॉल यांचं. मेरिलिन मन्रोचं रंगीबेरंगी तोंड तुम्ही कपांवर आणि टी-शर्टांवर पाहिलं असेल, ते यांचंच. १९५३ च्या 'नायगरा' चित्रपटाच्या जाहिरातीसाठी काढलेल्या फोटोवरून ते केलेलं. पण मला जास्त जवळची वाटतात ती त्यांची फुलं. १९६४ च्या जून महिन्यात 'मॉडर्न फोटोग्राफी' नावाच्या अमेरिकन मासिकात जास्वंदीच्या फुलांचा एक फोटो आला. तो काढला होता पॅट्रिशिया कॉलफील्ड या बाईंनी, आणि त्या त्याच मासिकाच्या संपादक मंडळींतल्या. वॉरहॉलनी तो घेतला, कापून चौकोनी केला, चारच फुलं ठेवली, पाकळ्यांवरच्या रेषा घालवल्या आणि आत सपाट, भडक रंग भरले. त्याच वर्षी कॅनव्हासवरची चित्रं झाली. मग १९७० मध्ये त्याच फोटोवरून कागदावर दहा छापांचा संच निघाला. प्रत्येक छाप ३६ इंच लांब, ३६ इंच रुंद, प्रत्येकाच्या २५० प्रती. गंमत म्हणजे त्या वेळच्या लिहिणाऱ्यांनी या फुलांना पॅन्सी म्हटलं, अॅनिमोन म्हटलं. गणपतीला जास्वंद वाहणारी एखादी आजी तिथं असती तर इतकी चर्चा झालीच नसती!

इथं आकडेमोड करून पाहा. २५० प्रती म्हणजे मर्यादित. पण छाप दहा, म्हणजे एकाच फोटोवरून २५०० कागद. वर चित्रकाराच्या राखीव प्रती. यात फसवणूक काही नाही, सगळं जाहीर आहे. पण '२५०' हा आकडा कशाचा, हे कळल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही.

आणखी ऐका. १९७० च्याच सुमारास युरोपातून याच फुलांचे आणि याच मेरिलिनचे जवळजवळ हुबेहूब छाप बाजारात आले. त्यांच्या पाठीवर 'संडे बी. मॉर्निंग' असा शिक्का, आणि सही तुमची तुम्हीच करा अशा अर्थाची ओळ! तसले छाप आजही विकले जातात. कमी किमतीत, खरं सांगून विकले तर त्यात वावगं काही नाही. पण तेच कुणी 'ओरिजिनल वॉरहॉल' म्हणून गळ्यात मारलं तर? चित्राची पाठ बघायची ती याचसाठी. फ्रेममध्ये बसवलेलं असलं तरी उघडून दाखवा म्हणावं. आणि नुसत्या सहीवरही भुलू नये. १९७४ मध्ये फ्रान्सच्या कस्टमवाल्यांनी एक गाडी अडवली, तिच्यात साल्वादोर दाली या जगप्रसिद्ध चित्रकाराची सही असलेले ४०,००० कागद निघाले. कागद कोरे होते!

पूर्वी प्रती मर्यादित ठेवण्याचं कारण साधं होतं. तांब्याच्या पत्र्यावर सुईनं ओरखडून चित्र काढलं, की काही डझन प्रतींनंतर ते ओरखडे झिजतात आणि छाप पुसट येतो. साचाच थकायचा. आपल्या राजा रविवर्म्यांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तिथं दगडावरून रंगीत छपाई व्हायची, आणि त्या लक्ष्मी-सरस्वतींच्या प्रतींना नंबर नव्हता. जितक्या खपतील तितक्या. घरोघरी बायकांनी त्या तसबिरींना जर आणि टिकल्या चिकटवून आपापली प्रत वेगळी करून घेतली. मला ती रीत आवडते. पण ते असो.

आता तर फोटोचा साचा म्हणजे संगणकातली एक फाइल. ती थकत नाही, झिजत नाही. तीस प्रती काढा नाहीतर तीस हजार, शेवटची पहिलीसारखीच. म्हणजे ११/३० मधले ३० हे आता निव्वळ वचन आहे. चित्रकारानं, किंवा त्याच्या वतीनं विकणाऱ्यानं दिलेलं. वचन म्हटलं की कुणी दिलं, नेमकं कशाचं दिलं आणि लिहून दिलं का, हे विचारायला लाजायचं कशाला? मुलीच्या लग्नाच्या याद्या करताना आपण लाजतो का?

नेमकं कशाचं, यावरून तर अमेरिकेत कोर्टात भांडण झालं. विल्यम एगलस्टन हे रंगीत फोटोग्राफीतलं फार मोठं नाव. त्यांनी काढलेला एका लहान मुलाच्या तिचाकी सायकलीचा फोटो प्रसिद्ध आहे. त्याच्या जुन्या पद्धतीनं छापलेल्या मर्यादित प्रतींपैकी एक प्रत एका संग्राहकानं अडीच लाख डॉलर देऊन घेतली होती. २०१२ मध्ये एगलस्टननी त्यांच्या फोटोंच्या नव्या, मोठ्या आकाराच्या, संगणकावरून काढलेल्या प्रती लिलावात आणल्या. त्यांत ही सायकलही होती, आणि ती ५ लाख ७८ हजार डॉलरच्या वर गेली. संग्राहक चिडला. मर्यादित म्हणून मी घेतलं आणि आता पुन्हा छापता, म्हणजे माझ्या प्रतीची किंमत उतरणार, असं त्याचं म्हणणं. २०१३ मध्ये न्यायाधीशांनी दावा काढून टाकला. आकार वेगळा, छपाई वेगळी, म्हणजे ही आवृत्तीच वेगळी. जुनं वचन मोडलेलं नाही.

मला विचाराल तर मनाला काही हे पटत नाही. पण कायदा असा असेल तर आपण आपलं बोलणं पक्कं करून घ्यावं हे बरं.

आमच्या ओळखीतल्या एका वहिनींनी ते चांगलं करून दाखवलं. बँकेतून निवृत्त झाल्या, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी, कुणाला न विचारता काही घ्यायचं असं त्यांनी ठरवलं होतं. सगळ्यांना वाटलं पाटल्या घेतील. त्यांनी एका प्रदर्शनात पाहिलेलं चित्र धरून ठेवलं. लालबागकडच्या एका बंद गिरणीच्या फाटकाचा काळापांढरा फोटो, त्यावर हळदीसारखा पिवळा आणि गंजासारखा लाल रंग स्क्रीननं चढवलेला. किंमत अठ्ठावीस हजार. त्यांचे वडील गिरणीत होते. १९८२ च्या संपानंतर पुन्हा कामावर गेलेच नाहीत. घरात एकच प्रश्न उठला, की असला फोटो आपला नातू मोबाइलवर काढून देईल, त्याला अठ्ठावीस हजार? वहिनी मला म्हणाल्या, "बाई, मला चित्र हवंच आहे. पण यांच्यासमोर मी वेडी ठरायला नको. चला माझ्याबरोबर."

गेलो. विक्रीला बसलेली मुलगी अगदी गोड. खाली २४/३० लिहिलेलं. वहिनींनी शांतपणे विचारलं, ३० प्रती या आकाराच्या की एकूण? मुलगी आत जाऊन विचारून आली. याच चित्राच्या लहान आकारात आणखी २० आहेत. राखीव प्रती किती? तीन. म्हणजे त्रेपन्न. पुढं कॅनव्हासवर किंवा आणखी मोठं काढणार का? त्यावर, तसं लिहून द्यायची आमच्याकडे पद्धत नाही, असं उत्तर आलं. वहिनींनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "मग घालू या पद्धत." चार दिवसांनी चित्रकर्तीच्या सहीचा कागद आला. आकार, प्रती, राखीव प्रती, छपाईची पद्धत, साल, फोटो स्वतःच काढल्याची नोंद, आणि या प्रतिमेची दुसऱ्या कुठल्याही आकारात वा प्रकारात यापुढे आवृत्ती निघणार नाही हे वाक्य. मग वहिनींनी चेक फाडला. बिलावरही हाच तपशील लिहून घेतला. तो नीट लिहिलेला असला, की २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली तक्रार करायची वेळ आलीच तर हातात काहीतरी असतं.

त्या कागदातली फोटोची नोंद मला फार महत्त्वाची वाटते. वर सांगितलेल्या कॉलफील्डबाईंनी १९६६ मध्ये वॉरहॉलवर दावा लावला होता, तो कोर्टाबाहेर मिटला. पुढं असंच दुसऱ्या एका बाईंच्या बाबतीत झालं. लिन गोल्डस्मिथ यांनी १९८१ मध्ये प्रिन्स या गायकाचा फोटो काढला. १९८४ मध्ये एका मासिकानं ४०० डॉलर देऊन, एकदाच वापरण्यासाठी, तो चित्राचा आधार म्हणून घेतला आणि वॉरहॉलनी त्यावर रंगीत चित्र केलं. पण वॉरहॉल एकावर थांबले नाहीत, सोळा केली. बाईंना ते कळलं २०१६ मध्ये, प्रिन्स गेल्यावर त्यांतलंच एक नारिंगी चित्र मासिकाच्या मुखपृष्ठावर झळकलं तेव्हा. त्या वेळी वॉरहॉल यांच्या नावाच्या प्रतिष्ठानला सुमारे दहा हजार डॉलर मिळाले, बाईंना काहीच नाही, साधं नावही नाही. प्रकरण अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं आणि मे २०२३ मध्ये सात विरुद्ध दोन असा निकाल त्यांच्या बाजूनं लागला. रंग चढवला म्हणून खालचा फोटो आपला होत नाही. आपल्याकडेही फोटोवरचा हक्क फोटो काढणाऱ्याच्या हयातभर आणि त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. तेव्हा चित्र घेताना खालचा फोटो कुणी काढला हे अवश्य विचारा.

'जिक्ले' हा शब्द ऐकलात तर दबून जाऊ नका. १९९१ मध्ये अमेरिकेतल्या एका छपाईवाल्यानं तो बनवला. अर्थ एवढाच, की चांगल्या प्रतीच्या इंकजेट यंत्रावर काढलेली प्रत. तीही सुरेख असू शकते. फक्त शाई कोणती ते विचारा. पिगमेंटची शाई आणि कापसाचा, आम्लविरहित कागद असेल तर रंग पुष्कळ टिकतात, साध्या रंगद्रवाची शाई लवकर विटते. १९७०-८० च्या दशकांतल्या लग्नाच्या अल्बममधले फोटो कसे लालसर झाले ते आठवा. त्यांतला निळा रंग आधी उडाला, म्हणून राहिलं ते तांबडं.

आता घरी आणल्यावर. आपल्या हवेत चित्राचे शत्रू तीन: ऊन, ओल आणि फ्रेमवाला. तिसऱ्याचं आधी सांगते. बहुतेक फ्रेमवाले मनानं चांगले असतात, पण त्यांच्या हाताशी हार्डबोर्ड, प्लायवूड आणि चिकटपट्टी एवढंच असतं. हार्डबोर्डमधलं आम्ल काही वर्षांत कागदाला तपकिरी डाग पाडतं. चिकटपट्टीचा गोंद कागदात मुरतो, तो निघत नाही. म्हणून मागे-पुढे आम्लविरहित पुठ्ठाच घ्या, मिळत नसेल तर चित्रकलेच्या सामानाच्या मोठ्या दुकानातून आणून द्या. काच चित्राला चिकटता कामा नये, मध्ये खिडकी कापलेला माउंट हवाच, नाहीतर पावसाळ्यात शाई काचेला धरते. चित्र पुठ्ठ्याला पूर्ण चिकटवू देऊ नका, लॅमिनेशन तर नकोच नको. वरच्या कडेला पातळ जपानी कागदाच्या दोन बिजागऱ्या, गव्हाच्या खळीनं लावलेल्या, बस्स. खळ करायला आपल्याला कुणी शिकवायला नको. आणि नंबर-सही आत दडेल असा माउंट कापू देऊ नका, त्याहून वाईट म्हणजे कडा छाटणं. कडा छाटलेल्या छापाला बाजारात किंमत राहत नाही.

ऊन येणारी भिंत टाळा, मग ती दिवाणखान्याची का असेना. वहिनींच्या घरी पश्चिमेचं ऊन सोफ्यावरच्या भिंतीवर येतं, म्हणून गिरणीचं फाटक आता आतल्या पॅसेजमध्ये आहे. अतिनील किरण अडवणारी काच मिळते, महाग पडते, तिनं ऊन पूर्ण निरुपद्रवी होत नाही पण मदत होते. बाहेरच्या बाजूची, पावसाचा मारा खाणारी भिंत आणि बाथरूमची सामाईक भिंत, दोन्ही वर्ज्य. फ्रेमच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावा, म्हणजे भिंत आणि फ्रेम यांच्यात वारा खेळतो. जुलै-ऑगस्टमध्ये पंधरा दिवसांतून एकदा उतरवून पाठ बघा, कसर असली तर तिथंच सापडते. काच पुसताना पाणी किंवा फवारा थेट काचेवर मारू नका, तो कडेनं आत उतरतो. फडकं किंचित ओलसर करून पुसा.

बुरशीचे ठिपके दिसलेच तर घासू नका, उन्हात ठेवू नका. फ्रेममधून काढून पंख्याच्या झोताबाहेर, कोरड्या खोलीत मोकळं ठेवा, आणि कागद दुरुस्त करणाऱ्या जाणकाराला दाखवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तु संग्रहालयात कलावस्तूंच्या संवर्धनाचा स्वतंत्र विभाग आहे, तिथं चौकशी करता येईल.

राहता राहिला तो सहीचा कागद. तो फ्रेमच्या पाठीला चिकटवायची एक पद्धत आहे, ती करू नका. चित्राला ओल लागली तर कागदही जातो. फ्रिजच्या गॅरंटीकार्डाच्या आणि घराच्या पावत्यांच्या फायलीतच तोही लावा, आणि पुढून-मागून चित्राचा एकेक फोटो काढून त्याच्यासोबत ठेवा.